हारूनभाईंचा नऊ पानी कागद

हारूनभाईंच्या मुलीचा, रुबीनाचा फोन आला तेव्हा मी देवपुरातल्या माझ्या घराच्या ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. "काका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. अशा वेळी माणसं काय बोलतात ते मला ठाऊक आहे, इतरांच्या वेळी मीही ते बोललेलो आहे. पण त्या दिवशी तोंडातून निघालं ते असं, "किती वाजता?" ती म्हणाली, "आठला." मी विचारलं, "नाडी कोणी पाहिली? डॉक्टर आले होते का?" ती म्हणाली, "मी पाहिली, काका." पायात चपला सरकवून पांझरेचा पूल ओलांडेपर्यंत मी मनाशी धरून होतो, की पोरीची चूक झाली असणार. घाबरलेल्या माणसाची बोटं चुकतात, मनगटावर भलतीकडेच पडतात... मी पोचलो तेव्हा खोलीत त्यांच्या नात्यातली, बाजारातली बरीच माणसं जमलेली होती. मी सरळ पुढे गेलो आणि हारूनभाईंच्या मनगटावर बोटं ठेवून उभा राहिलो. लोकांनी सरकून वाट करून दिली. त्यांना माझी सवय होती.

ही सवय कुठून आली ते सांगायला हवं. मी वजनमापे निरीक्षक होतो. सगळी नोकरी धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत गेली. काटा तपासायचा, वजनांच्या बुडाला शिसं कमी केलंय का ते पाहायचं, सगळं ठीक असेल तर मोहोर मारायची. समोरचा माणूस फसवतोय असं धरून चालायचं आणि तो फसवत नाही हे त्याच्या काट्याने सिद्ध करायचं, अशी आमची रीत. तीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. माझी बायको दूध घ्यायला मला कधी पाठवत नसे, दूधवाले बदलावे लागत म्हणून. आणि माझा एक नियम होता, ज्याचा मला फार अभिमान होता. तक्रार असो, परवाना असो, कुठलाही कागद हातात आला की शेवटचं पान मी शेवटीच पाहायचो. तिथे नाव असतं, सही असते. नाव दिसलं की मत बनतं, ओळखीचं निघालं तर हात ढिला पडतो. आधी मजकूर, मग माणूस. या नियमामुळे माझ्या नोकरीत माझ्यावर कधी बोट ठेवायला कोणाला जागा मिळाली नाही.

हारून बागवान हे नावही मला असंच, तक्रारीच्या शेवटच्या ओळीत भेटलं. धुळ्याच्या फळबाजारात त्यांची केळीची वखार होती. रावेरकडून ट्रक यायचे, इथे माल पिकायचा आणि हातगाडीवाल्यांना वजनावर जायचा. काटा मारतात अशी तक्रार होती. मी गेलो, तपासला, काटा बरोबर. मनात शंकेची पाल चुकचुकली, कारण इतका बरोबर काटा बाजारात सहसा सापडत नाही. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा मी पायजमा घालून, डोक्याला रुमाल गुंडाळून गिऱ्हाईक म्हणून गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माल तोलला, आणि मग घडातलं एक केळं तोडून वर ठेवत म्हणाले, "हाई केळं तुमना संशयले, साहेब." मी तसाच उभा. तेव्हा कुठे मान वर करून त्यांनी विचारलं, "काटा बराबर निंघना म्हनीसन तुमले वाईट वाटनं का?"

मी शिरपूरकडचा, घरी अहिराणीच बोलत वाढलेला. सरकारी दौऱ्यावर त्या बोलीत कोणी माझी टिंगल केली नव्हती. त्यांच्या घरी उर्दू, बाजारात अहिराणी, आणि सरकारी माणूस आला की साफ मराठी असा त्यांचा हिशेब होता, पण मला त्यांनी पहिल्या दिवसापासून बाजारातच धरलं. ते केळं मी घेतलं नाही, निरीक्षकाने घ्यायचं नसतं. मग त्यांनी ते माझ्यासमोर सोलून स्वतः खाल्लं. आमची मैत्री तिथून सुरू झाली असं ते सगळ्यांना सांगायचे. मी सांगायचो की ती त्यानंतर पाच वर्षांनी, माझी बदली होऊन मी परत आल्यावर सुरू झाली, कारण आधी ते माझ्या हद्दीतले व्यापारी होते. यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

पुढे कार्बाइडच्या पुड्या टाकून केळी पिकवणं बंद करायला हवं असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी वखारीमागे थंड चेंबर बांधलं. चारी भिंती पत्र्याच्या, आत गार हवा, माल भरायचा, दार घट्ट लावायचं आणि पिकण्याची सुरुवात करून देणारा गॅस सोडायचा. पहिली खेप साफ बिघडली. दोनदा गॅस सोडला तरी केळी हिरवीच राहिली, काही मऊ पडली पण रंग धरेना. ते माझ्याकडे आले. मला क्षणात कळलं, सिलिंडरवाल्याने फसवलंय. मी सिलिंडर काट्यावर चढवला, भरलेला किती, रिकामा किती ते पाहिलं, त्याचा दाबमापक काढून दुसऱ्याशी ताडून पाहिला, पुरवठादाराला बोलावून दोन तास उलटतपासणी केली. सगळं बरोबर होतं. मी म्हणत राहिलो की यात काहीतरी काळंबेरं आहेच. इकडे हारूनभाईंनी तेवढ्यात काय केलं, चेंबरचं दार उघडून आत शिरले आणि अगदी मधल्या थप्पीतला क्रेट बाहेर काढू लागले. आणि दोन मिनिटांत धापा टाकत बाहेर आले. "जीव घाबरस आतमा," म्हणाले. केळी तोडल्यावरही श्वास घेतात. त्यांनी सोडलेली हवा आत साचली होती, आणि त्या कोंडलेल्या हवेत गॅसचं काही चालत नव्हतं. "शिलिंडरनी काही गलती नही, साहेब. दारच उघाडं नही कोनी."

त्या दिवसापासून चेंबरच्या दाराशेजारी एक काळी पाटी टांगली गेली. रोज सकाळी आठ वाजता दार उघडायचं, ठरलेला वेळ उघडं ठेवायचं, मधल्या क्रेटमधल्या केळ्याच्या गरात थर्मामीटरची सुई खुपसायची आणि आकडा खडूने पाटीवर लिहायचा. हारूनभाईंनी हे शेवटच्या आजारापर्यंत स्वतः केलं. निवृत्तीनंतर मी रोज फिरून येताना तिथे थांबायचो. ते आकडा सांगायचे आणि मी वाकून, चष्मा वर करून, सुईवर तो पुन्हा पाहायचो. कधी चुकला नाही. तरी मी पाहायचो, आणि ते मला पाहू द्यायचे.

त्यांना खोकला लागला आणि जाईना, तेव्हा पहिला संशय मीच घेतला, एवढं मात्र माझ्या बाजूने म्हणता येईल. जळगावला नेलं. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. आयुष्यात बिडी ओढली नव्हती. मी त्या जुन्या कार्बाइडवर बोट ठेवलं, डॉक्टर महाजन म्हणाल्या, तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. या डॉक्टर महाजन वयाने रुबीनापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या, रावेर तालुक्यातल्या केळीवाल्यांची मुलगी. हारूनभाईंनी पहिल्याच भेटीत त्यांच्या वडिलांचं गाव आणि बाग विचारून घेतली आणि निर्धास्त झाले. मी झालो नाही. डॉक्टरांनी एक नवं औषध सुचवलं. आपल्या रक्तात लढणाऱ्या पेशी असतात, गाठ त्यांना ब्रेक लावून ठेवते, हे औषध तो ब्रेक सोडवतं, पुढचं काम आपलं शरीरच करतं, असं त्या म्हणाल्या. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून द्यायचं.

आता अशा महागड्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून विकतात हे मी पेपरात वाचलेलं होतं. मग मी माझं काम सुरू केलं. प्रत्येक वेळी बाटलीचं सील माझ्यासमोर फोडायला लावायचं, बॅच क्रमांक वहीत उतरवायचा, रिकामी बाटली मागून घ्यायची. कंपनीला पत्र लिहून एकेका क्रमांकाची खात्री मागवली. हे औषध थंड राहिलं पाहिजे असं कळल्यावर मी हारूनभाईंचा केळ्यांचा थर्मामीटर पिशवीत घालून हॉस्पिटलच्या औषधाच्या खोलीत गेलो आणि त्यांच्या फ्रीजमध्ये सुई धरून उभा राहिलो. चार अंश. तिथला फार्मासिस्ट पाहतच राहिला. तीन आठवड्यांनी न सांगता पुन्हा गेलो. पुन्हा चार. "आजोबा, रोज या, चहा घेऊन जा," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यातला टोमणा मला कळला, पण मी वहीत दोन्ही आकडे लिहून ठेवले होते आणि मला तेवढं पुरेसं होतं.

औषध लागू पडलं. गाठ निम्म्यावर आली. हारूनभाई पुन्हा वखारीत बसू लागले, हातगाडीवाल्यांची खेचू लागले. सात-आठ महिने असे गेले की आम्ही दोघं आजार विसरलो होतो. मग एका तपासणीत गाठ वाढलेली दिसली. पुढच्या तपासणीत आणखी. औषध तेच, हॉस्पिटल तेच, फ्रीज चार अंशांवर. माझ्या मते एकच अर्थ निघत होता, की शेवटच्या काही बाटल्यांत गडबड आहे. मी डॉक्टरांच्या टेबलावर माझी वही ठेवली आणि म्हणालो, "मॅडम, तुम्ही यातली कुठली खरी आणि कुठली खोटी ते सांगा."

डॉक्टर महाजन रागावल्या नाहीत. त्यांनी वही चाळली, सगळ्या बाटल्या खऱ्या असल्याचं कंपनीचं पत्र तिला जोडलेलं होतंच. मग त्या हारूनभाईंकडे वळून सांगू लागल्या, माझ्याकडे नाही. ब्रेक निघालेला आहे, लढणाऱ्या पेशी गाठीत पोचल्याही असतील. पण गाठ फार हावरी असते, आजूबाजूची साखर ती आधी ओढून घेते, आणि वर आंबट द्रव बाहेर टाकते. त्या उपाशी, आंबलेल्या जागेत लढणाऱ्या पेशींना श्वासही नीट घेता येत नाही. त्या थकतात, असून नसल्यासारख्या होतात. मग वरून कितीही औषध दिलं तरी काम करायला कोणी उरत नाही. "असं असावं," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाबतीत नक्की हेच झालंय का, ते मला माहीत नाही."

मी मध्येच म्हणालो, "मग साखर बंद करू त्यांची. गाठच उपाशी मरेल." त्या म्हणाल्या, "नका करू. लढणाऱ्या पेशींनाही तेच अन्न लागतं. तुम्ही उपाशी राहिलात तरी गाठ तिचा वाटा ओढतेच, मरायच्या त्या ह्या बिचाऱ्या." मला ते पटलं नाही. औषध चाललं नाही की दोष रोग्याच्या पेशींवर ढकलायचा, ही मला पळवाट वाटली. काटा खोटा निघाला की दुकानदार हवेला दोष देतो, तशी. पण हारूनभाईंचा चेहरा एकदम उजळला होता. आपल्या मरणाची गोष्ट ऐकताना असा चेहरा झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. "पेशी श्वास घेतस? आमना केळासारखं?" त्यांनी विचारलं. डॉक्टर हसून हो म्हणाल्या. ते माझ्याकडे वळले. "साहेब, गॅस दिधा, पन दार उघाडं नही."

मला तेव्हा ते आठवायला हवं होतं. तो सिलिंडर, ती दोन तासांची उलटतपासणी, सगळं माझ्याच हातचं होतं. पण मी वही उचलली आणि त्या दिवशी परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत तेच क्रमांक पुन्हा ताडून पाहत राहिलो.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तो कागद दिला. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत काही लोक नेमकं हेच शोधत होते, की औषध आधी लागू पडून मग का थांबतं. त्यासाठी हारूनभाईंच्या फासळीजवळच्या गाठीतून सुईने एक तुकडा हवा होता. तो ताजाच लागतो, पेशी जिवंत असतानाच त्या किती साखर घेतात, किती श्वास घेतात ते मोजायचं असतं. महिन्याभरात झालं तर बरं, असं त्या म्हणाल्या. आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं, दोनदा सांगितलं, की याने हारूनभाईंचा स्वतःचा फायदा होईलच असं नाही. हे पुढच्या रोग्यांसाठी आहे. संमतीपत्र नऊ पानांचं, मराठीतलं. हारूनभाई म्हणाले, "साहेब वाचतीन. त्यासनी वाचं की मंग करू." आणि तो कागद त्यांनी घरी नेला, चार दिवसांनी माझ्या हातात दिला.

मी वाचायला बसलो. पेन्सिल घेऊन, ओळीओळीने. तुकडा कुठे ठेवणार? किती वर्षं? त्यातून औषध निघालं तर ते कोणाचं? "आपली माहिती गोपनीय राहील" म्हणजे किती जणांना कळेल? धुळ्याच्या बाजारातला एक मुसलमान म्हातारा, त्याची एक मुलगी, विचारणारं कोणी नाही... याच्यावरच का प्रयोग? मी समासात प्रश्न लिहीत गेलो, दर पानाला पाच-सात. डॉक्टरांना फोन करून एकेका प्रश्नाचं उत्तर मागितलं. त्यांनी दिलं. मी उत्तरावर पुन्हा प्रश्न विचारले. पहिल्या आठवड्यात दोन पानं झाली. दुसऱ्या आठवड्यात पान चारवर "जैविक नमुना" या शब्दाचा त्यांनी केलेला खुलासा मला अपुरा वाटला आणि मी लेखी खुलासा मागवला. मी हे सगळं त्यांच्यासाठी करतोय असं मला मनापासून वाटत होतं. आजही ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. ते खाटेवर, उशांना टेकून. "वाचं का, साहेब?" ते विचारायचे. "वाची राहिनू," मी म्हणायचो. "वाचा, वाचा. शेवटपावत वाचा." आणि हसायचे. हसलं की खोकला यायचा, मग रुबीना पाणी घेऊन यायची आणि माझ्याकडे असं पाहायची की काहीतरी बोलायचं राहून जातंय. तेही माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, डॉक्टरांनी तिला काहीतरी पढवलंय. एकदा मी हारूनभाईंना सरळ म्हणालो, "तुमचा फायदा नाही म्हणतात, मग कशाला सुई टोचून घ्यायची? मला यात काही बरोबर दिसत नाही." ते म्हणाले, "वरथीन कोनले काय समजस? मधमाईन काढनं पडस, साहेब." मधून काढायचं म्हणजे केळ्याबद्दल बोलतात की स्वतःबद्दल, हे विचारायचीही मला गरज वाटली नाही. मी पान पाच उघडलं.

चौथ्या आठवड्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. जळगावला नेऊन ते काढलं, पण तब्येत जी उतरली ती उतरलीच. डॉक्टर महाजनांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "काका, आता तो तुकडा नको. त्यांना झेपणार नाही." खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. कागद माझ्या पिशवीत होता, सातव्या पानावर घडी घातलेला, आणि मला आता काही ठरवायचं नव्हतं. मी त्याच आनंदात हारूनभाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. "राहू द्या," म्हणाले.

मरणाच्या दोन दिवस आधी मी शेवटचा गेलो. बोलणं अगदी थोडं उरलं होतं. त्यांच्या उशाशी बसून मी औषधांच्या पट्ट्या पाहत होतो, तारखा बरोबर आहेत का म्हणून. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि त्या पट्ट्या खाली ठेवायला लावल्या. "बठ्ठं तपासं तुम्ही," ते म्हणाले. "आते थोडा मनाजोडे बसा." मी सगळं तपासणं सोडून त्यांच्याजवळ नुसता बसलो. थोड्या वेळाने पुन्हा ओठ हलले. "शेवटलं पान वाचं का?" मी म्हणालो, "अजून दोन पानं आहेत." ते हसले असं मला वाटलं... नक्की सांगता येत नाही.

चाळीसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर, माणसं पांगल्यावर रुबीनाने मला विचारलं, "काका, अब्बांचा तो कागद तुमच्याकडेच आहे ना?" मी म्हटलं, आहे, पण आता त्याचं काय. ती म्हणाली, "मला हवाय. त्यांचं अक्षर आहे त्यावर." मी म्हणालो, "त्यांचं कुठलं, समासात माझं अक्षर आहे." ती हळूच म्हणाली, "काका, तुम्ही शेवटचं पान नाही पाहिलं?"

मी घरी आलो. पिशवी तशीच खुंटीला होती. जन्मात पहिल्यांदा मी एक कागद मागून उघडला. नवव्या पानावर हारूनभाईंची सही होती, मराठीतली, बाजारच्या पावतीवर करायचे तशी, खाली रेघ ओढलेली. तारीख ज्या दिवशी त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला त्याच दिवशीची. खाली साक्षीदाराची जागा होती. तिथे त्यांनी स्वतःच्या अक्षरात माझं पूर्ण नाव लिहून ठेवलं होतं, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी नावापुढे "निरीक्षक". त्याच्यापुढची सहीची रेघ कोरी होती. सगळं झालेलं होतं. फक्त माझी एक सही राहिली होती, आणि मी सातव्या पानावर बसून होतो.

दुसऱ्या दिवशी मी रुबीनाला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "अब्बांनी शपथ घातली होती. म्हणाले, साहेबांना घाई केली की त्यांना संशय येतो. ते वाचत वाचत येतील तिथपर्यंत." डॉक्टर महाजनांनाही जाऊन भेटलो. त्यांनी सांगितलं की त्यांनी दुसरा कागद देऊ केला होता, साक्षीदार तर हॉस्पिटलमधलाही चालला असता. हारूनभाई नाही म्हणाले होते. मोहोर त्यांचीच पाहिजे, असं म्हणाले होते. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका," डॉक्टर म्हणाल्या, "त्यांच्या आजारात त्याने काही फरक पडला नसता." त्या खरं बोलत असतील. माझं समाधान करायला बोलत असतील. मला ते तपासता येणार नाही. पण ज्यांच्यासाठी तो तुकडा होता, ते कुठे असतील, कोणत्या गावात, हे मला रोज वाटून जातं. आणि एक गोष्ट मी माझ्यापाशी मान्य केली आहे. मी सगळ्यांवर संशय घेतला, फार्मासिस्टवर, कंपनीवर, त्या पोरीसारख्या डॉक्टरवर, रुबीनावर. ज्याने आयुष्यभर मला पुन्हा पुन्हा तपासू दिलं, त्या माणसाला स्वतःचं बरंवाईट कळतं, एवढा विश्वास मात्र मी त्याच्यावर ठेवला नाही.

कागद अजून माझ्याकडे आहे. रुबीनाने तो पुन्हा मागितला नाही. साक्षीदाराच्या रेघेवर मी सही केली आहे आणि शेजारी सही केल्या दिवसाचीच खरी तारीख घातली आहे. मागच्या तारखेच्या सह्या करणाऱ्यांवर मी जन्मभर खटले भरले, तेव्हा तेवढं तरी पाळलं. ती सही कशाच्याच कामाची नाही.

चेंबर आता रुबीना चालवते. परवा मी खूप दिवसांनी सकाळी तिकडे गेलो. आठ वाजले तसं तिने दार उघडलं. आतली कोंडलेली, गोडसर वासाची हवा बाहेर आली आणि तिच्यात क्षणभर उभं राहवेना. ती आत गेली, मधल्या थप्पीतला क्रेट ओढला, केळ्याच्या गरात सुई खुपसली आणि थांबली. मी दारात होतो. तिने सुई तशीच ठेवून, मला वाकायला जागा राहावी म्हणून एक पाऊल बाजूला घेतलं, तिचे वडील घ्यायचे तसंच.

"सतरा," ती म्हणाली.

मी खडू उचलला आणि पाटीवर सतरा लिहिलं.